कचेरीचं गाव

१८१९ साली धुळ्यात ४०१ घरं होती आणि २,५०९ माणसं. जळगावच्या शाळेत इतिहास शिकवत होते तेव्हा हे दोन आकडे मी दर वर्षी फळ्यावर लिहीत असे. मुलं विचारायची, मॅडम, आपण जळगावचे, मग धुळ्याची घरं कशाला मोजायची? मी सांगायची, कारण त्या चारशे घरांच्या गावात कचेरी आली आणि पुढे कित्येक पिढ्या अख्खा खान्देश सारा भरायला, फिर्याद लावायला, अर्ज द्यायला तिथेच जात राहिला. जळगावला जिल्ह्याचा मान मिळायला १९०६ साल उजाडलं. त्या वर्षी खान्देशाची पूर्व आणि पश्चिम अशी वाटणी झाली.

त्या चारशे घरांच्या मागे एक उजाड वर्ष आहे. १८०३ च्या दुष्काळात धुळं पार ओस पडलं. दुसऱ्या वर्षी विंचूरकर सरदारांच्या पदरच्या बाळाजी बळवंतांनी माणसं गोळा करून गाव पुन्हा वसवलं. विंचूरकरांनी त्यांना इनाम जमीन आणि हक्क दिले, सोनगीर आणि लळिंगचा कारभारही त्यांच्याकडे आला, आणि तो ते धुळ्यात बसून पाहू लागले. खान्देशाचे ते दिवस फार हलाखीचे. शिंदे-होळकरांच्या फौजांची ये-जा, पेंढाऱ्यांची लूट, गढ्यागढ्यांतून ठाण मांडून बसलेले अरब शिपाई. १८१८ च्या जानेवारीत मंदसौरच्या तहाने होळकरांनी खान्देश इंग्रजांना देऊन टाकला, पण तो कागदावर. तापीकाठच्या थाळनेरच्या किल्लेदाराने फेब्रुवारीत प्रतिकार केला, तर सर थॉमस हिस्लॉपने किल्ला घेऊन तुळशीराम मामा या किल्लेदाराला फाशी दिलं. मालेगावच्या किल्ल्यातले अरब त्या उन्हाळ्यात वेढा सोसून लढले. अशा मुलखाचा पोलिटिकल एजंट म्हणून कॅप्टन जॉन ब्रिग्ज आला आणि त्याने मुक्कामासाठी निवडलं ते पांझरेकाठचं हे लहानसं धुळं. मुलखाच्या मध्यावर, मुंबईहून आग्र्याकडे जाणाऱ्या वाटेवर.

यंदाच्या लग्नाच्या वाढदिवसाला आम्ही दोघं धुळ्याला गेलो, ते हे सगळं पायाखालून घालायला. लेकीने महाबळेश्वरचं बुकिंग करून देते म्हणून सांगितलं होतं. पण यांची पहिली नेमणूक धुळ्याची, भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून. लग्नाच्या आधी हे साखळी आणि झेंड्या घेऊन त्या तालुक्यात हिंडले आहेत. संसाराच्या इतक्या वर्षांत जेवताना निघालेल्या गप्पांत धुळ्याच्या गल्ल्या असायच्याच. माझ्याकडे धुळं होतं ते पुस्तकातलं. तेव्हा यांची जमीन आणि माझे कागद एका दिवसात एकमेकांना दाखवायचे, असं ठरलं.

सकाळची पहिली एसटी. एरंडोल, पारोळा आणि मग धुळं. डिसेंबर असल्यामुळे शेतांत दादर उभी, कपाशीची शेवटची वेचणी चाललेली. पारोळ्याला गाडीत चढलेल्या एका आजीबाईंनी आमच्या नव्या कपड्यांकडे पाहून "कथा चालनात?" म्हणून विचारलं. हे म्हणाले, लळिंगना किल्ला देखाले. आजीबाईंनी आम्हा दोघांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि पिशवीतली चार बोरं माझ्या हातावर ठेवली.

लळिंग धुळ्याच्या दक्षिणेला दहाएक किलोमीटरवर, मालेगावच्या वाटेवर. ऊन चढायच्या आत डोंगर चढून यायचं म्हणून तिथूनच सुरुवात केली. पायथ्याच्या गावात महादेवाचं हेमाडपंती देऊळ आहे, ते किल्ल्याहून जुनं. वर खडकात खोदलेली पाण्याची टाकी, पडक्या भिंती, आणि खाली तीच मुंबई-आग्रा वाट. मोटारी धावतात, पण वळण तेच. चौदाव्या शतकात इथे बसणाऱ्याला दिल्लीहून दक्षिणेत उतरणारा प्रत्येक तांडा दिसत असणार. १३७० च्या सुमारास फिरोजशहा तुघलकाने मलिक राजाला थाळनेर आणि करवंदचा मुलूख दिला आणि फारुकी घराण्याची सुरुवात झाली. १३९९ मध्ये मलिक राजा वारला तेव्हा थोरल्या नासीरखानाकडे लळिंग आणि धाकट्या इफ्तिखारकडे थाळनेर अशी वाटणी झाली. नासीरखानाने पुढे असीरगड घेतला, बुऱ्हाणपूर वसवलं, आणि खान्देशाची राजधानी तापीकाठाने वर गेली. लळिंग मागे पडलं.

आता यातली जी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते ती सांगते. फारुकींचा हा इतिहास आपल्याला कळतो तो बराचसा फिरिश्ता या फारसी इतिहासकारामुळे. आणि फिरिश्त्याचा ग्रंथ इंग्रजीत आणला कुणी, तर याच जॉन ब्रिग्जने. चार खंड, १८२९ साली छापलेले. म्हणजे ज्या माणसाने धुळ्याला कचेरी बांधली, तो नुसता तलवारबहाद्दर नव्हता, हस्तलिखितांवर मान मोडून बसणारा होता. लळिंगवरच्या त्या टाक्यापाशी बसून मी यांना हे सांगितलं तेव्हा हे थोडा वेळ धुळ्याच्या दिशेला पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणूनच रेघा सरळ आल्या."

त्या रेघा यांनी मला दुपारी दाखवल्या. जुनं धुळं आणि नवं धुळं यांतला फरक कळायला नकाशा लागत नाही, चालणं पुरतं. जुन्या धुळ्यात बोळ वळतात, घराच्या कोपऱ्याला गाडा घासतो, अंगण कुठे संपतं आणि रस्ता कुठे लागतो ते त्या घरालाच ठाऊक. तिथून पेठेत आलं की एकदम दोरी लावल्यासारख्या समांतर गल्ल्या. आणि त्यांना नावं नाहीत, आकडे आहेत. पहिली गल्ली, दुसरी गल्ली, चौथी, पाचवी. धुळेकर पत्ता सांगतो तो अजून असाच. बाजाराचा मुख्य रस्ता मात्र आग्रा रोड. आग्र्याला जाणारी जड वाहतूक बाहेरून वळवून कितीतरी वर्षं झाली, तरी साड्यांची, भांड्यांची, सोन्याची दुकानं असलेल्या त्या रस्त्याचं नाव बदललं नाही.

ब्रिग्जने धुळ्याचं वर्णन केलंय ते एका बाजूने नदी आणि दुसऱ्या बाजूने पाटाचं पाणी यांच्या मध्ये दाटलेलं, बागायतीने वेढलेलं लहान गाव असं. सरकारी इमारतींसाठी त्याने मंजुरी मिळवली, लांबलांबून कारागीर आणवले. व्यापाऱ्यांनी येऊन राहावं म्हणून घरांच्या जागा कायमच्या बिनभाड्याने दिल्या आणि पक्की घरं बांधायला जुन्या रहिवाशांना आणि नव्याने येणाऱ्यांना आगाऊ रकमाही दिल्या. गाव वाढलं. १८७२ मध्ये पांझरेच्या पुराने घरादारांची मोठी नासधूस केली, त्याच साली लोकसंख्या १२,४८९ होती. यांनी चौथ्या गल्लीच्या तोंडाशी उभं राहून मला प्लॉटांच्या रुंदीकडे बघायला लावलं. एकेका घराचं तोंड अरुंद आणि खोली मात्र लांब, मागच्या गल्लीपर्यंत गेलेली. पुढे दुकान, मध्ये चौक, मागे राहतं घर. "मोजणीला मजा यायची इथे. एकदा मोजणीचा शंकू बरोबर बसला की पुढची सगळी हद्द आपोआप जुळायची. जुन्या धुळ्यात दिवस जायचा एका वाड्यात." इतक्या वर्षांनी बोलताना यांच्या हाताची बोटं साखळीच्या कड्या मोजल्यासारखी हलत होती.

पण ही सरळ रेघ कुणासाठी होती आणि कुणावर होती, हेही सांगायला हवं. मी वर्गात ते कधी टाळलं नाही. व्यापाऱ्याला बिनभाड्याची जागा देणारी हीच कचेरी सातपुड्यातल्या आणि सातमाळ्यातल्या भिल्लांच्या मागे पलटणी लावत होती. डोंगर-घाटांवरचे त्यांचे पिढीजात हक्क गेले. प्रकरण दाबून मिटत नाही म्हटल्यावर १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने भिल्लांचीच पलटण उभी केली. त्यानंतरही १८५७ च्या धामधुमीत सेंधव्याच्या घाटात खाज्या नाईक उठलाच, आणि १८५८ च्या एप्रिलमध्ये अंबापाणीची लढाई झाली. धुळ्याच्या इतिहासात साहेबाच्या गल्ल्यांना जेवढी जागा मिळते तेवढी अंबापाणीला मिळाली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

पाटाच्या पाण्याचा विषय निघाला म्हणून थोडं नदीकडे वळते. पांझरेवर फडपद्धत आहे, साहेब येण्याच्या कितीतरी आधीची. नदीला आडवा बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठाले तुकडे, म्हणजे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. या वर्षी इथे ऊस, पुढल्या वर्षी तिथे, तिसऱ्यात भुसार. बहुतेक शेतकऱ्यांची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असते, त्यामुळे पाणी कमी पडलं तर सगळ्यांना कमी पडतं. पाणी देणारा पाटकरी गावाने नेमलेला. शेतकऱ्याने स्वतः दारं धरायची नाहीत. मोजणीदार माणसाला यात काय दिसतं ते मला त्या दिवशी कळलं. हे म्हणाले, फडातल्या पट्ट्या अशा आखलेल्या असतात की प्रत्येकाचा एक काठ पाटाला लागतो, त्यामुळे कुणाच्या रानातून कुणाला पाणी न्यावं लागत नाही, म्हणून बांधाच्या भांडणाचे अर्ज त्या गावांतून कमी यायचे. १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नव्याने लागलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या सुरुवातीच्या नोकरीत इकडेच होते. दातर्तीला पांझरेच्या पाण्यासाठी नळांचा सायफन बांधायचं काम त्यांच्याकडे आलं. पुढे कृष्णराजसागर बांधणाऱ्या माणसाने पाण्याचे पहिले धडे साक्री तालुक्यातल्या नाल्या-ओढ्यांत गिरवले. विश्वेश्वरय्यांनी आत्मचरित्रातही या सायफनची आठवण ठेवली आहे.

जेवायला आग्रा रोडजवळच्या एका खानावळीत बसलो. शेवभाजी, कळण्याची भाकरी, ठेचा, वरून कच्चं शेंगदाणा तेल. आम्ही जळगावकर भरताच्या बाबतीत फार हट्टी, आसोद्याच्या वांग्याशिवाय आम्हाला चालत नाही. म्हणून मी भरीत मागवलं नाही. शेवभाजीचा रस्सा मात्र धुळ्याचाच. यांनी दोनदा मागून घेतला.

आता मूळ मुद्द्यावर येते. कचेरी आली की तिच्यामागून कोर्ट येतं, कोर्टामागून वकील, वकिलांची मुलं शिकतात म्हणून शाळा, शाळेमागून मास्तर आणि छापखाना. कापूस आणि भुईमुगाच्या या मुलखात पैसा व्यापाऱ्याकडे होता. पण धुळ्याला वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांची जी दाट वस्ती झाली, ती कचेरीमुळे. रेल्वेने तर धुळ्याला टाळलंच. मुंबईहून निघालेला लोहमार्ग चाळीसगाव, पाचोरा, जळगाव करत भुसावळला गेला आणि आमचं गाव कापसावर वाढलं. धुळ्याला चाळीसगावहून फाटा यायला १९०० साल लागलं. तरीही मराठीचे सगळ्यात मोठे ठेवे धुळ्यात राहिले, जळगावात नाही. त्याचं कारण मला तरी या वकील-मास्तरांच्या वस्तीतच दिसतं.

शंकर श्रीकृष्ण देव हे त्यातलं पहिलं नाव. नानासाहेब म्हणत त्यांना. बी.ए., एल्‌एल.बी. झालेला वकील, पण सगळं आयुष्य समर्थ रामदासांच्या कागदांमागे गेलं. १८९३ मध्ये धुळ्यात सत्कार्योत्तेजक सभा निघाली. मग देव मठामठांतून फिरले. रामदासी मठ गावोगाव विखुरलेले, दप्तरं देवघराच्या फळीवर, पोथी दाखवायची तर सोवळ्यात दाखवणार, आणि नेऊ तर मुळीच देणार नाहीत. अशा ठिकाणी महिनोन्‌महिने चिकाटी धरून त्यांनी पोथ्या पाहिल्या, उतरवून घेतल्या, मिळवल्या. परांड्याजवळच्या डोमगावच्या मठातली, कल्याणस्वामींच्या हातची दासबोधाची प्रत त्यांनी प्रमाण धरली आणि १९०५ मध्ये ती छापली. आपल्या घरोघरी दासबोध आहे, पण त्यातला शब्द नीट लागावा म्हणून एका वकिलाने केवढी पायपीट केली हे फार थोड्यांना ठाऊक असतं. जमलेलं सगळं ठेवायला १९३५ मध्ये श्रीसमर्थ वाग्देवता मंदिर उभं राहिलं. देव जसा गाभाऱ्यात असतो तशा इथे पोथ्या आहेत. समर्थांच्या स्वतःच्या हातचं वाल्मीकी रामायण इथे आहे. सुटी लांबट पानं, लाकडी फळ्यांमध्ये धरून रुमालात बांधलेली. अक्षर ठळक, गोल, एकसारखं. वीस-पंचवीस वर्षांच्या मुलाने बोरूने संबंध रामायण उतरवून काढायचं म्हणजे हाताला काय घट्टे पडले असतील, असं माझ्या मनात आलं आणि मी तिथेच हात जोडले.

राजवाडे संशोधन मंडळात आम्ही जास्त वेळ काढला. विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला आणि पुढे बावीस खंड केले. खांद्यावर घोंगडी, हाताने रांधलेलं अन्न, जुन्या दप्तराची वार्ता लागली की त्या गावी पायी चालू लागायचं. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार, पण पुण्याशी त्यांचं फाटलं, आणि शेवटचा काळ धुळ्यात गेला. ३१ डिसेंबर १९२६ ला ते धुळ्यातच वारले. त्यांच्यामागे कागदांचे ढीग होते. भास्कर वामन भट आणि त्यांच्या सोबत्यांनी १९२७ मध्ये राजवाड्यांच्या नावाने मंडळ काढलं आणि ते ढीग विखरू दिले नाहीत. 'संशोधक' हे त्रैमासिक चालवलं, खान्देशातल्या पडक्या देवळांतल्या मूर्ती, नाणी, ताम्रपट आणून ठेवले. पुढे मु. ब. शहांच्या संपादनाखाली राजवाड्यांचं समग्र साहित्य तेरा खंडांत मंडळानेच छापलं.

एका कपाटाशी मोडीचा एक कागद मांडलेला होता. हे वाकले. जुन्या इनामाची आणि मोजणीची कागदपत्रं वाचावी लागत म्हणून यांनी नोकरीत मोडी शिकून घेतली होती. मला शिकवायचं राहूनच गेलं. मोडीत आधी सबंध ओळीची शिरोरेघ ओढतात आणि मग बोरू न उचलता खाली अक्षरं लोंबवत जातात, त्यामुळे शब्द कुठे तुटतो ते अर्थावरूनच कळतं. हे बोट काचेवर न टेकवता हळूहळू पुढे नेत वाचू लागले. वर मध्यभागी श्री. मग नमस्काराचा ठरलेला मायना, 'विनंती उपरि', मग कामाचा मजकूर चार ओळी, आणि 'बहुत काय लिहिणे'. तारीख घातली होती ती चंद्राची, 'छ' लिहून पुढे मुसलमानी महिना, पण साल नव्हतं. राजवाड्यांचं अर्धं आयुष्य या न घातलेल्या सालांपायी गेलं. पत्रात कुणाच्या आजाराचा उल्लेख आहे, कुठली फौज कुठल्या घाटात आहे, त्यावरून साल बसवायचं, आणि मग ते पत्र माळेत योग्य जागी ओवायचं. यांनी कागदाच्या तळाशी असलेला बारीक शिक्का दाखवला, 'मोर्तब सूद'. मजकूर जिथे संपला त्याला चिकटून तो उठवत, म्हणजे मागाहून कुणी आणखी ओळ घुसडायला नको. "आम्हीही पंचनाम्याखाली रेघ मारायचो ती याचसाठी," हे म्हणाले.

त्याच राजवाड्यांनी 'भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास' लिहिला आहे. विवाह अनादि काळापासून आज दिसतो तसाच चालत आला, हे त्यांना मान्य नव्हतं. वेद, महाभारत, यज्ञातले विधी तपासून समाजाबरोबर लग्नाच्या रीती कशा बदलत आल्या ते त्यांनी मांडलं, लोकांना काय वाटेल याची पर्वा न करता. त्यांची स्वतःची पत्नी ऐन तारुण्यात गेली आणि त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. घर नसलेल्या माणसाने लग्नाचा इतिहास लिहिला, आणि आम्ही दोघं वाढदिवसाला त्यांच्या कपाटांपुढे उभे होतो. मला त्या क्षणी राजवाड्यांविषयी फार माया वाटली. इतिहासाचार्य म्हणून आदर नेहमीच होता.

उतरत्या दुपारी धुळ्याच्या तुरुंगाच्या भिंतीजवळून गेलो. आत जाता येत नाही, बाहेरूनच पाहायचं. १९३२ मध्ये विनोबा इथे कैदी होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, दर रविवारी गीतेचा एक अध्याय. मी एकदा कॅलेंडर मांडून पाहिलं आहे, त्या दोन तारखांच्या दरम्यान बरोबर अठरा रविवार येतात, एकही खाडा नाही. ऐकायला सत्याग्रही कैदी, आणि त्यात साने गुरुजी. अमळनेरच्या शाळेतले हे मास्तर विनोबांच्या बोलण्याच्या वेगाने लिहून घेत होते. लघुलिपी नाही, यंत्र नाही. विनोबांनी स्वतः 'गीता प्रवचने' लिहायला घेतली नव्हती, बोलले होते. गुरुजींचा हात चालला म्हणून ते पुस्तक झालं आणि पुढे देशातल्या भाषाभाषांत गेलं. 'श्यामची आई' पुढच्या वर्षी, नाशिकच्या तुरुंगात. आमच्या शाळेत साने गुरुजी म्हणजे आईवर प्रेम करणारा हळवा श्याम, एवढंच मुलांना ठाऊक असे. मी त्यांना हा धुळ्याचा भराभर लिहिणारा गुरुजी सांगत असे. दुसऱ्याचं बोलणं एक शब्द न गाळता टिपून घ्यायचं तर आपण किती बाजूला सरावं लागतं, ते ज्याने वर्गात नोट्स काढल्या आहेत त्याला कळेल.

तुरुंग धुळ्याला आला तोही जिल्ह्याचं ठिकाण म्हणूनच. कोर्टासाठी तर केवढी माणसं आली. १९३७ च्या जुलैत एका खटल्याच्या कामाने डॉ. बाबासाहेब आंबेडकर धुळ्याला आले तेव्हा मुक्काम लळिंगच्या कुरणातल्या लांडोर बंगल्यात होता. दर वर्षी ३१ जुलैला तिथे लोक जमतात. सकाळी किल्ल्यावरून उतरताना आम्ही त्या बाजूला जाऊन आलो होतो.

परतीच्या गाडीत हे पारोळ्यापर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, आपल्याकडे आजोबांच्या लग्नाची याद आहे. मला ठाऊक नव्हतं. सासूबाईंच्या पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या खरेदीखतांच्या पुडक्यात यांनी ती कधी तरी पाहिली होती आणि परत ठेवून दिली होती.

घरी पोचल्यावर रात्रीच ट्रंक उघडली. तीन पानं, मोडी, कडा वाळवीने खाल्लेल्या. हे वाचत होते आणि मी वहीत लिहून घेत होते. वर श्री, मग लग्नाचा खर्च. गहू इतके, गूळ इतका, तेल, खोबऱ्याच्या वाट्या. सोनगीरच्या तांबटाकडून आणलेला हंडा आणि परात. व्याह्यांना पासोड्या, विहिणीला लुगडं, करवलीला खण. वाजंत्र्यांना शिधा आणि रोख. भिल्ल जागल्याला धोतर, पाटकऱ्याला पागोटं. मांडवाच्या बांबूंचं भाडं, गाड्यांचं भाडं. प्रत्येक रकमेपुढे आण्यांच्या उभ्या रेघा, एक रेघ म्हणजे पावली, दोन म्हणजे अर्धा रुपया. गाडीभाड्याच्या ओळीवर आम्ही अडलो आहोत. कागदाची घडी नेमकी तिथून गेली आहे, आणि दुसरी रेघ शाईची की घडीची, ते आमच्यात ठरत नाही. हे म्हणतात पावली, मी म्हणते आठ आणे. चार गाड्या गेल्या असतील तर पावलीत गाडीवान आला नसता. पानं कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवली आहेत. संक्रांत झाली की धुळ्याला मंडळात घेऊन जाणार आहोत. तिथे मोडी वाचणारं कुणी भिंगाखाली धरून सांगेल, आणि त्यांना हवी असतील तर पानं तिथेच ठेवून येऊ.